बिनब्रेकची सायकल

सिंगापूरच्या चोआ चू कांगजवळ लिम चू कांगचा लांब, सरळ रस्ता आहे. रस्त्यावरच्या शर्यतींचा सराव करणाऱ्यांचा तो आवडता. २०२२ पासून तिथे एका रांगेत पाचच सायकली, असा नियम आहे.

पण ट्रॅक सायकलिंगची दुनियाच वेगळी. २५० मीटरचा लाकडी ट्रॅक वळणावर चाळीसहून अधिक अंशांनी उभा चढतो. सायकलला ब्रेक नाही, गिअर एकच. चाक फिरतंय तोवर पायही फिरणारच. थांबायचं तर पायांनीच वेग मारायचा.

२०२२च्या राष्ट्रकुल स्पर्धेत, लंडनच्या वेलोड्रोममध्ये, म्हणजे अशाच सायकल ट्रॅकवर, भंडारा जिल्ह्यातल्या मयूरी लुटे आणि शुशिकला आगाशे भारतातर्फे उतरल्या. सोबत बंगालची त्रियशा पॉल. सांघिक स्प्रिंटमध्ये तिघी एकाच वेळी सुटतात आणि एकामागोमाग धावतात. पहिली एक फेरी वारा अंगावर घेते आणि वर सरकून बाजूला होते, मग दुसरी. शेवटची फेरी तिसरीने एकटीने काढायची. वेळ मोजतात ती तिचीच.

भंडाऱ्याहून लंडनच्या लाकडी ट्रॅकपर्यंत पोचणं ही मोठीच मजल आहे, आणि या मुलींची नावं आपल्याला पाठ असायला हवीत.