पगाराचा आकडा वाचताना



बारावीचा निकाल लागला की संगणकाच्या नोकरीचा विषय गावोगावी निघतो. अमक्याच्या मुलाला पुण्यात इतक्या लाखांची नोकरी लागली, हे पारावर ऐकलेले वर्तमान पुष्कळदा एखाद्या कुटुंबाच्या निर्णयाचा आधार ठरते. शिकवणी वर्गाच्या फीसाठी कर्ज काढले जाते, प्रसंगी जमीनही गहाण पडते. म्हणूनच पगाराचा आकडा पारखून घेणे अगत्याचे आहे.

जाहिरातीतील वार्षिक आकडा म्हणजे हाती पडणारा पगार नव्हे. ३ लाख ६० हजारांचेच उदाहरण घ्यावे. महिन्याचे ३० हजार होतात. मूळ वेतन १५ हजार धरले, तर मालकाने भविष्यनिर्वाह निधीत भरावयाचे १,८०० रुपये आणि उपदानाची सुमारे ७२० रुपयांची तरतूद बहुधा याच आकड्यात धरलेली असते. कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या वर्गणीचे १,८०० आणि व्यवसाय कराचे २०० रुपये वजा जाता हाती साडेपंचवीस हजारांच्या आसपास उरतात.

सरासरीही फसवी असू शकते. दहा विद्यार्थ्यांपैकी नऊ जणांना साडेतीन लाख व एकाला ४० लाख मिळाले, तर सरासरी ७ लाख १५ हजार भरते. परंतु तितका पगार त्यांपैकी एकालाही मिळालेला नसतो. अशा वेळी मधला आकडा, म्हणजेच मध्यक, विचारावा. तो साडेतीन लाखच येतो.

यापुढे तुलना तीन कसोट्यांवर करावयाची : काम, अनुभव आणि स्थळ.

'संगणकाची नोकरी' या एका नावाखाली मदतकक्ष, प्रणालीची चाचणी, आज्ञावली लेखन, माहितीचे विश्लेषण, सायबर सुरक्षा अशी भिन्न कामे येतात. मोठ्या सेवा कंपन्या नवख्या पदवीधरांना बहुधा एकाच श्रेणीत घेतात. त्यामुळे आरंभी कामाच्या प्रकाराने फारसा फरक पडत नाही. चार-पाच वर्षांनी मात्र वाटा फुटतात आणि विशेष कौशल्याला वेगळे मोल येते. दहा वर्षे मुरलेल्या तज्ज्ञाचा पगार नवशिक्यापुढे ठेवणे म्हणूनच गैर होय.

स्थळाचा हिशेब शासकीय सेवकांना परिचित आहे. केंद्रीय कर्मचाऱ्यांचा घरभाडे भत्ता जानेवारी २०२४ पासून शहराच्या वर्गानुसार मूळ वेतनाच्या ३०, २० व १० टक्के झाला. मुंबई-पुणे पहिल्या वर्गात, नागपूर-नाशिक दुसऱ्या वर्गात मोडतात. खाजगी क्षेत्रात असे बंधन नाही. हिंजवडीत मिळणारा आरंभीचा पगार नागपूरच्या मिहानमध्येही मिळाला, तर घरी राहणाऱ्या नागपूरच्या तरुणाची शिल्लक अधिक राहील. उलटपक्षी, पुणे-बंगळूरसारख्या ठिकाणी कंपन्या अनेक असल्याने अनुभवाच्या बळावर नोकरी बदलण्याची संधी अधिक, हेही विसरून चालणार नाही.

या बाबतीत शिक्षक व पंचायत सदस्य यांचा शब्द गावात मानला जातो. कोणत्याही वर्गाची फी भरण्यापूर्वी पालकांनी चार प्रश्न लेखी विचारावेत, असा आग्रह त्यांनी धरावा : गेल्या वर्षी किती विद्यार्थ्यांनी प्रवेश घेतला? पैकी किती जणांना, कोणत्या कामाची नोकरी लागली? कोणत्या शहरात? आणि त्यांच्या पगाराचा मधला आकडा किती? उत्तर देण्यास जेथे टाळाटाळ होईल, तेथे कर्जाचा पैसा भरण्याची घाई करू नये.