हाड परत कधी बसवायचं?

(गणेशोत्सवातील आरोग्यविषयक कार्यक्रमात केलेले भाषण)



मी डॉक्टर नाही. डिप्लोमा करून रेल्वेत लागलेला, वीस वर्षं रुळांवर काढलेला माणूस. तरी आज मेंदूच्या शस्त्रक्रियेवर बोलतोय, कारण धाकट्या भावाच्या आजारपणात आम्ही घरच्यांनी एक चूक केली. ती तुमच्याकडून होऊ नये.

भाऊ मोटारसायकलवरून पडला. हेल्मेट हँडलला लटकत होतं. मार लागून मेंदू सुजला. कवटी काही फुगत नाही, त्यामुळे आतला दाब वाढून मेंदूचा रक्तपुरवठा अडतो. म्हणून डॉक्टरांनी उजवीकडचा तळहाताएवढा हाडाचा तुकडा काढून मेंदूला जागा करून दिली. औषधांना दाद न देणाऱ्या दाबावरचा एक मोठा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात सहा महिन्यांत शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी सुमारे २७ टक्के, तर औषधोपचारांवर ठेवलेल्यांपैकी सुमारे ४९ टक्के रुग्ण दगावले. वाचलेल्यांत परावलंबी राहिलेलेही बरेच होते. आमचा भाऊ चालू-बोलू लागला, हे नशीबच.

काढलेलं हाड त्याच्याच पोटाच्या कातडीखाली ठेवलं होतं. काही ठिकाणी ते उणे ८० अंशांच्या फ्रीजरमध्ये ठेवतात. ते परत बसवण्याच्या शस्त्रक्रियेला क्रेनिओप्लास्टी म्हणतात. त्यासाठी साधारण तीन ते सहा महिने थांबण्याची जुनी पद्धत. हल्ली योग्य रुग्णात त्याआधीही करतात. आम्हाला तीन महिन्यांनी बोलावलं होतं.

आम्ही काय केलं? "माणूस हिंडतोय, पुन्हा डोकं कशाला उघडायचं?" पुण्या-नागपूरचे नातेवाईकही फोनवर हेच सांगत. आधी पितृपक्ष आडवा आला, मग दिवाळी, मग भाचीचं लग्न. आठवा महिना लागला. डोक्यावरचा खड्डा खोल गेला. उठून बसला की डोकं दुखे, डावा हात जड पडे, बोलणं मंदावलं. आम्हाला वाटलं, मनाने खचला.

डॉक्टर म्हणाले, वर हाडाचं कवच नाही, म्हणून बाहेरच्या हवेचा दाब कातडीवरून मेंदूवर येतो, रक्ताचा आणि मेंदूभोवतीच्या पाण्याचा प्रवाह बिघडतो. पोटातलं हाडही तोवर कडेने झिजलं होतं; टायटॅनियमची जाळी बसवावी लागली. काही आठवड्यांत हात हलका झाला, बोलणं सुधारलं. पण ते पाच महिने त्याने उगाच भोगले.

घाईही बरी नव्हे. आपण खडी चाळून रूळ बसवले की लगेच पूर्ण वेग देत नाही. कॉशन ऑर्डर लावतो, खडी दबेल तसा वेग वाढवतो. पण रूळ तयार झाल्यावरही कॉशन काढलंच नाही, तर गाड्या विनाकारण रखडतात. इथेही तसंच. सगळ्यांना लागू पडेल अशी एकच तारीख नाही.

म्हणून डॉक्टरांना विचारा: सूज उतरली का? जखम पूर्ण भरली का? शरीरात कुठे जंतुसंसर्ग आहे का? मेंदूत पाणी साठतंय का? सगळं ठीक असेल, तर तारीख घ्या आणि पाळा. तोवर त्या कुशीवर झोपू देऊ नका, हिंडता-फिरताना डोक्याला संरक्षक टोपी असू द्या. खड्डा खोल जातोय किंवा माणूस मंदावतोय असं दिसलं, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका.

आणि मोटारसायकलवर हेल्मेट डोक्यावर घाला, हँडलला नको. गणपती बाप्पा मोरया!