स्वप्नातील जाग आणि तर्क

स्वप्नात माणसाची बुद्धी मावळते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती पुरती खरी नाही. स्वप्नातही माणूस विचार करीतच असतो. गाडी चुकेल म्हणून तो धावतो, तिकीट सापडेना म्हणून खिसे चाचपतो, जवळचा रस्ता कोणता याचा हिशेब मांडतो. एका गोष्टीवरून दुसरी ताडण्याचे काम तेथे बिनबोभाट चाललेले असते. नसते ती मूळ गोष्टीची तपासणी. वीस वर्षांपूर्वी निवर्तलेले वडील समोर बसून चहा घेत आहेत, असे तो पाहतो आणि त्यांच्या चहात साखर किती घालावी याच विवंचनेत पडतो. ते आले कसे, हा प्रश्न उद्भवत नाही. उद्भवलाच तर मिळेल त्या उत्तराने त्याचे समाधान होते.

परंतु क्वचित हा प्रश्न नेटाने विचारला जातो, आणि झोप न मोडता झोपलेल्यास कळून चुकते की हे स्वप्न आहे. ॲरिस्टॉटलने स्वप्नांवरील आपल्या निबंधात या अनुभवाची नोंद केली आहे. अशा स्वप्नास मराठीत ‘सजाण स्वप्न’ म्हणता येईल. त्याचे आज रूढ असलेले इंग्रजी नाव प्रचारात आणले ते फ्रेडरिक व्हान एडन या डच गृहस्थाने. हा पेशाने वैद्य व मनोविकारचिकित्सक; शिवाय नामांकित साहित्यिक. १८९८ ते १९१२ या काळात त्याने आपली अशी ३५२ स्वप्ने टिपून ठेवली आणि १९१३ साली त्यांवर निबंध प्रसिद्ध केला.

त्यातील १९०४ सालचे एक स्वप्न मोठे बोधप्रद आहे. खिडकीपाशी एक मेज होते. आपण स्वप्नात आहोत हे व्हान एडनला पक्के ठाऊक होते. म्हणून येथे कोणता प्रयोग करावा, याचा त्याने विचार केला. त्याने काचेच्या तुकड्यावर दगड मारला, काच फुटेना. मग मद्याचा एक नाजूक पेला घेऊन त्यावर जोराने मूठ हाणली. जागेपणी असे करणे किती धोक्याचे, हाही विचार त्याच क्षणी त्याच्या मनात होता. पेला शाबूत राहिला. थोड्या वेळाने पाहतो तो पेला फुटलेला! आपले वाक्य बोलण्याची वेळ चुकवणाऱ्या नटासारखा तो पेला त्याला वाटला. फुटका पेला त्याने खिडकीबाहेर भिरकावला, तेव्हा खळ्ळ असा आवाज ऐकू आला आणि दोन कुत्रीही दचकून पळाली. हे सोंग हुबेहूब वठले आहे, पण त्यात बारीक चुका राहिल्या आहेत, असा निष्कर्ष त्याने झोपेतच काढला.

ही कथा म्हणजे जागे झाल्यावर रचलेली कल्पना नव्हे कशावरून, अशी शंका विद्वानांनी दीर्घकाळ घेतली, आणि ती रास्तही होती. तिचे उत्तर डोळ्यांनी दिले. झोपेच्या एका अवस्थेत बुबुळे वेगाने हलतात, हे शिकागो येथे ॲसेरिन्स्की व क्लाइटमन यांनी १९५३ साली दाखवून दिले. स्पष्ट स्वप्ने बहुतांशी याच अवस्थेत पडतात. तेव्हा शरीराचे स्नायू लुळे असतात. डोळे मात्र मोकळे. मग स्वप्नात जाग येताच डोळे ठरल्याप्रमाणे डावीउजवीकडे फिरवून खूण द्यावी, अशी युक्ती निघाली. इंग्लंडमध्ये हल विद्यापीठात कीथ हर्न यांनी १९७५ साली अशी खूण यंत्रावर नोंदवली. अमेरिकेत स्टॅनफर्ड येथे स्टीफन लाबर्ज यांनीही स्वतंत्रपणे तेच सिद्ध केले. त्यांचा लेख १९८१ साली आला.

पुढे २०२१ साली अमेरिका, फ्रान्स, जर्मनी व नेदरलँड्स येथील संशोधकांनी झोपलेल्या माणसांना प्रश्नच विचारले. आठातून सहा वजा केले तर किती, असे विचारताच एका निद्रिस्ताने दोनदा डोळे फिरवून ‘दोन’ हे उत्तर दिले. एकूण ३६ व्यक्तींवर हे प्रयोग झाले. सजाण असल्याची खूण मिळाल्यावर १५८ वेळा प्रश्न विचारले गेले. त्यांपैकी सुमारे १८ टक्के वेळा उत्तर बरोबर आले आणि सुमारे ६० टक्के वेळा काहीच उत्तर आले नाही. म्हणजे झोपेत तर्क अशक्य नाही. मात्र तो हुकमीही नाही. बुबुळे हलणाऱ्या झोपेत कपाळामागील मेंदूचा, पारख व निर्णय यांच्याशी संबंधित असा एक भाग एरवी मंदावलेला असतो, हे लक्षात घेतले म्हणजे याचे फारसे नवल वाटत नाही.

तथापि, ‘हे स्वप्न आहे’ एवढे कळले की बुद्धीचे सारे काम झाले, असे नव्हे. व्हान एडनचेच उदाहरण पाहावे. १९०३ सालच्या एका सजाण स्वप्नात त्याला त्याचा मृत मेहुणा भेटला. तो मृत आहे, हेही व्हान एडनला ठाऊक होते. तुझे दहा हजार गिल्डर कोणीतरी लुबाडणार, असे मेहुण्याने सांगितले. पुढे व्हान एडनचे खरोखर नुकसान झाले, पण ते त्या रकमेच्या वीसपट! तरीही भाकीत खरे ठरले, असेच त्याने मानले. झोपेत पेल्याची परीक्षा घेणाऱ्या या चिकित्सक पुरुषाने जागेपणी भाकिताची परीक्षा घेतली नाही. ते ज्याच्या मुखातून आले, त्याच्याविषयीचा जिव्हाळा तर्काहून प्रबळ ठरला असावा.

पॉल टोले या जर्मन मानसशास्त्रज्ञाने सजाण स्वप्नाचा जो मार्ग सांगितला, त्याचे मर्म येथेच आहे. दिवसातून अनेकदा, विशेषतः काही विलक्षण दिसेल तेव्हा, ‘मी जागा आहे की स्वप्नात?’ असे स्वतःस गांभीर्याने विचारावे. सवय जडली की तोच प्रश्न स्वप्नातही उठतो. अर्थात, झोपेत नवी बुद्धी उगवत नाही. दिवसा जी अंगवळणी पडली तीच रात्री उपयोगी येते. म्हणून ज्याला स्वप्नात जागे व्हायचे असेल, त्याने आरंभ दिवसाउजेडी करावा. आणि जी गोष्ट खरी असावी असे मनापासून वाटते, तिची तपासणी सर्वांत आधी करावी.