नदीच्या पात्रातली बाग

मंडळी, भिंतीवरचा नकाशा बघा. हा स्पेन देश. त्याच्या पूर्वेला हा निळा भाग म्हणजे भूमध्य समुद्र. काठावर जे टिंब दिसते, ते व्हॅलेन्सिया शहर. शहर मोठे, पण त्याला लागूनच शेते आहेत. त्या हिरवळीची गोष्ट आज आम्ही सांगणार आहोत.

तिथला उन्हाळा कोरडा. मोठा पाऊस शरदात येतो, तो कधी कधी एकदम कोसळतो. म्हणून शेती पाटाच्या पाण्यावर. तुरिया नदीचे पाणी पाटांनी शेतात नेतात. भाजीपाला होतो, संत्री होतात. आणखी एक पीक ऐकून तुम्ही हसाल. आपण लव्हाळा खुरपून बांधावर फेकतो ना? त्याच्याच जातीचे एक गवत तिथे मुद्दाम लावतात! त्याच्या गाठी भिजवून, वाटून गोड थंडगार पेय करतात.

पाणी म्हटले की भांडण आलेच. ते मिटवायला शेतकऱ्यांनीच निवडलेले आठ पंच आहेत. दर गुरुवारी दुपारी बारा वाजता मोठ्या चर्चच्या दाराशी ते बसतात. अंगात काळे डगले. वकील नाही. तक्रार तोंडी, जबाब तोंडी, निकाल जागच्या जागी. ही रीत शेकडो वर्षांची आहे. आपल्याकडे धुळे-नाशिक भागात फडाची पद्धत आहे. तिथल्या पाटकऱ्याला हे सांगितले, तर तो म्हणेल, यात नवल ते काय?

शहराच्या दक्षिणेला एक मोठे तळे आहे, अल्बुफेरा. भोवती भातशेती. हिवाळ्यात खाचरांत पाणी भरतात, मग पाखरांचे थवे उतरतात. तळे आणि समुद्र यांच्यामध्ये पाइन झाडांचे रान आहे. तिथे उंच इमारती बांधायचे ठरले होते. काही उभ्याही राहिल्या. लोकांनी ओरड केली, तेव्हा काम थांबले. 1986 पासून तळे आणि रान राखीव आहे.

आता नदीकडे येऊ. 14 ऑक्टोबर 1957 ला तुरियेला महापूर आला. शहर बुडाले, ऐंशीच्या वर माणसे गेली. मग सरकारने शहराच्या दक्षिणेने नवे पात्र खोदून नदी तिकडे वळवली. जुने पात्र कोरडे पडले. तिथे मोटारींचा मोठा रस्ता करू, असा अधिकाऱ्यांचा बेत होता. लोक म्हणाले, रस्ता नको, झाडे हवीत. ते हटले नाहीत. 1976 साली राजाने ती जागा शहराला दिली. आज तिथे जवळजवळ नऊ किलोमीटर लांब बाग आहे. वर जुने दगडी पूल तसेच आहेत. खाली जिथून पाणी वाहायचे, तिथे पोरे चेंडू खेळतात.

पण गोष्ट इथे संपत नाही. 29 ऑक्टोबर 2024 ला वरच्या डोंगरांत भयंकर पाऊस पडला. नव्या पात्राने नदीचे पाणी पेलले, म्हणून शहराचा बहुतेक भाग वाचला. नव्या पात्राच्या पलीकडे मात्र गावे आहेत. तिथून पोयो नावाचा ओढा जातो. एरवी तो कोरडाच असतो. त्या दिवशी गावांत पाऊस फारसा नव्हता, आणि ओढा घरांत शिरला. मोबाइलवर सरकारी इशारा आला, तोवर कितीतरी घरांत पाणी चढले होते. त्या भागात दोनशेच्या वर माणसे दगावली. भातखाचरांत आणि तळ्यात गाळ, मोडके सामान वाहून आले.

पुढच्या दिवसांत शहरातली हजारो माणसे फावडी आणि झाडू खांद्यावर टाकून निघाली. नव्या पात्रावरचा पूल पायी ओलांडून ती त्या गावांत चिखल उपसायला गेली.