मुरूडचे अण्णा आणि हुशारीचा प्रश्न



दहावीचा निकाल लागला की कोकण विभागाचं नाव पहिलं येतं, याची आपल्याला आता सवय झाली आहे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांचं वेगळं विभागीय मंडळ २०१२ साली सुरू झालं आणि तेव्हापासून कोकणानं वरचा क्रमांक सांभाळला आहे. २०२५ साली राज्याचा निकाल ९४.१० टक्के लागला, कोकणाचा ९८.८२. शाळाशाळांतून राबणाऱ्या शिक्षकांचं आणि घरोघरच्या पालकांचं हे यश आहे.

पण याच मुलांच्या तोंडून एक वाक्य वारंवार ऐकू येतं, आणि ते ऐकून मला फार वाईट वाटतं. "मी काही हुशार नाही." नापास झालेला मुलगा हे म्हणाला तर त्याची निराशा समजू शकते. इथे पंच्याऐंशी टक्के मिळवलेली मुलगी हे म्हणते, कारण वर्गात तिच्या पुढे पंच्याण्णववाले असतात. पुढे ती पुण्या-मुंबईच्या कॉलेजात जाते. प्राध्यापकांनी प्रश्न विचारला की उत्तर तिच्या ओठांवर असतं, पण ती बोलत नाही. उत्तर चुकलं तर आपण मुळात हुशार नव्हतोच हे सगळ्यांना कळेल, अशी धास्ती तिच्या मनात असते.

या मुलीला मी आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका माणसाची गोष्ट सांगू इच्छितो. दापोली तालुक्यातलं मुरूड. तिथला धोंडो केशव कर्वे हा मुलगा, म्हणजे पुढचे अण्णा, १८५८ सालचा. घरची गरिबी, स्वभाव अतिशय लाजरा आणि भिडस्त. तो तसा होता हे त्यांनी पुढे आत्मवृत्तात स्वतःच लिहून ठेवलं आहे. सतराव्या वर्षी सहावीच्या सरकारी परीक्षेसाठी हा मुलगा सोबत्यांबरोबर साताऱ्याला पायी निघाला. शंभर मैलांहून जास्त वाट, पावसाळी दिवस, मधे सह्याद्रीचा घाट. साताऱ्याला पोचल्यावर परीक्षकांनी त्याच्याकडे पाहिलं आणि तू वयानं लहान दिसतोस, परीक्षेला बसता येणार नाही, असं सांगितलं. आला तसा तो मुलगा परत गेला. मॅट्रिक व्हायला १८८१ साल उजाडलं. तेव्हा ते तेवीस वर्षांचे होते. बी.ए. झाले १८८४ साली, वयाच्या सव्विसाव्या वर्षी. आजच्या हिशेबानं पाहिलं तर इतका मागे पडलेला विद्यार्थी आपण कुठल्या रांगेत बसवला असता?

आता त्याच परिसरातला दुसरा मुलगा पाहा. मुर्डी हे गाव मुरूडपासून दूर नाही. तिथले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हे कर्व्यांच्या नात्यातले, त्यांच्याहून अठरा वर्षांनी लहान. या मुलाची बुद्धी विलक्षण आहे हे कर्व्यांनी ओळखलं आणि शिक्षणासाठी त्याला आपल्या घरी ठेवून घेतलं. १८९९ साली केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत परांजपे पहिले आले आणि सीनियर रँग्लर झाले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. सगळ्या हिंदुस्थानात त्यांचं नाव झालं. पुढे ते फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले, त्या वेळी कर्वे त्याच कॉलेजात गणित शिकवत होते. ज्याला घरात ठेवून शिकवलं तो हाताखालून वर गेला, यात कर्व्यांना कमीपणा वाटला नाही. मला स्वतःला कर्व्यांच्या चरित्रातली ही गोष्ट फार मोठी वाटते. दुसऱ्याची बुद्धी आपल्याहून तेज आहे हे दिसणं, ते मोकळेपणानं मान्य करणं आणि तिच्यासाठी स्वतः खस्ता खाणं याला जे डोकं लागतं, त्याचे गुण कुठल्याही गुणपत्रिकेत लिहून येत नाहीत.

परांजप्यांची बुद्धिमत्ता खरीच होती, तिला कमी लेखण्याचं कारण नाही. पण ज्या क्रमांकामुळे ती जगाला दिसली, तो क्रमांकच केंब्रिजनं १९०९ नंतर जाहीर करणं सोडून दिलं. आपल्या राज्याच्या मंडळानंही दहावी-बारावीच्या गुणवत्ता याद्या बंद करून बरीच वर्षं झाली. मंडळानं यादी थांबवली तरी ती आपल्या घराघरांतून, शेजारपाजारातून अजून चालूच आहे.

स्वतःच्या कुवतीबद्दल कर्व्यांना शंका येत नसत असं नाही. भिडस्त माणसाला त्या येणारच. पण शंका दोन तऱ्हेची असते. "मला हे अजून येत नाही" ही एक, आणि "मी आहेच असा" ही दुसरी. पहिली शंका माणसाला कामाला लावते. दुसरी त्याला घरात बसवते. कर्व्यांची शंका पहिल्या जातीची होती. विधवा स्त्रियांना शिकवायचं ठरवल्यावर, हे आपल्यासारख्याला झेपेल का, याचा घोळ घालत ते बसले नाहीत. १८९३ साली त्यांनी स्वतः विधवेशी विवाह केला आणि त्याबद्दल मुरूडच्या गावकऱ्यांनी घातलेला बहिष्कार सोसला. १८९६ साली पुण्यात विधवांसाठी संस्था काढली, १९०० साली ती पुण्याजवळच्या हिंगण्याला झोपडीत नेली. दिवसभर फर्ग्युसनमध्ये शिकवून संध्याकाळी हिंगण्यापर्यंत कित्येक मैल पायी, पाऊस असो की चिखल. वर्गणीसाठी गावोगाव फिरायचं, दारोदारी जायचं. लाजऱ्या माणसाला हे किती जड गेलं असेल याचा विचार करा. १९१६ साली त्यांनी महिला विद्यापीठ काढलं तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्गात पाच विद्यार्थिनी होत्या. आज ते एस.एन.डी.टी. विद्यापीठ म्हणून सगळ्यांना माहीत आहे. १९५८ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी, कर्व्यांना भारतरत्न मिळालं.

गुणांखेरीज हुशारीचं दुसरं माप म्हणून बुद्धी मोजण्याची जी चाचणी आज सर्वांच्या तोंडी आहे, तिचा उगमही जाणून घेण्यासारखा आहे. १९०५ साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने या मानसशास्त्रज्ञानं सहकारी सीमाँ यांच्याबरोबर ती तयार केली. कोणत्या मुलांना वर्गात जास्त मदत लागेल हे शोधणं, हा तिचा हेतू होता. बुद्धी जन्मभर तेवढीच राहते, हे मत बिनेला मान्य नव्हतं. १९३० नंतरच्या दशकात धारवाडला व्ही. व्ही. कामत यांनी ती चाचणी मराठी आणि कन्नड मुलांसाठी बसवली. बिने-कामत चाचणी म्हणून ती आजही वापरात आहे आणि शिकताना अडखळणाऱ्या मुलाला कुठे आधार हवा ते ठरवायला तिचा उपयोग होतो. मदतीसाठी केलेल्या मापाचा आपण लोकांनी शिक्का केला, हे दुर्दैव आहे.

आणि या मापात न बसणारी बुद्धी पाहायला आपल्याला लांब जायला नको. एप्रिलमध्ये कुठल्याही हापूसच्या बागेत जा. आंबे काढायची घळ हातात घेऊन झाडाखाली उभा असलेला गडी खालूनच फळ पाहतो. देठाजवळ खळगा पडला आहे का, फळाचे खांदे देठाच्या वर उचलले आहेत का, सालीचा रंग कसा बदलला आहे. चौदा आणे तयार झालेलं फळ तेवढं तो देठासकट काढतो, शेजारचं तसंच ठेवतो. चार दिवस आधी काढलं तर आढीत ते सुरकुतेल, उशीर झाला तर पेटीत टिकणार नाही. नेपाळहून आलेले कामगारसुद्धा काही हंगामांत हे शिकतात. म्हणजे ही नजर कुणी जन्मताना घेऊन येत नाही. पाहून, चुकून, जाणत्याला विचारून ती येते. गणितही असंच येतं आणि इंग्रजीही.

म्हणून माझ्या मते हुशार कोण, तर ज्याला आपलं अडतं कुठे हे नेमकं सांगता येतं आणि तिथून पुढे जायला जो विचारायला लाजत नाही तो. पटकन उत्तर देणं हा त्यातला लहानसा भाग आहे, आणि परीक्षा मुख्यतः तेवढाच पाहते.

पालकांना एक विनंती करतो. तुमची मुलगी "मला जमत नाही" म्हणाली, तर "तू हुशार आहेस गं" एवढं म्हणून तिला वाटेला लावू नका. नेमकं काय जमत नाही ते विचारा. वही उघडा, तिच्या शेजारी बसा. तुम्हालाही येत नसेल तर तसं तिला सांगा आणि ज्याला येतं त्याच्याकडे दोघं मिळून जा. आणि गाव सोडून कॉलेजात गेलेल्या माझ्या मुलामुलींनो, उद्या वर्गात काही कळलं नाही तर हात वर करा आणि विचारा. मराठीतून विचारावं लागलं तरी विचारा.