आप्पा, गार्नीचं देऊळ आणि आमच्या गावचा महादेव



पिस्कॅटवेहून ग्रीन ब्रूकच्या दिशेनं गाडी काढली की थोड्याच वेळात चढ लागतो आणि वर वॉशिंग्टन रॉक येतो. आपल्यापैकी बहुतेकजण पाहुण्यांना एकदा तरी तिथं घेऊन गेले असतील. तो सगळा वॉचंगचा डोंगर बेसॉल्टचा आहे, म्हणजे आपल्या सह्याद्रीच्याच जातीचा दगड, फक्त वयानं सह्याद्रीच्या तिप्पट. आज मी बोलणार आहे तेही बेसॉल्टबद्दलच, पण तो बेसॉल्ट आर्मेनियातला.

मागच्या वर्षी आम्ही आर्मेनियाला गेलो. आम्ही नेवार्कहून निघालो आणि माझ्या नवऱ्याचे काका मुंबईहून आले. त्यांना आम्ही आप्पा म्हणतो. आप्पा शिरोळ तालुक्यातले. शेती आणि गावकी यातच त्यांचं आयुष्य गेलं. गावात महादेवाचं जुनं हेमाडपंती देऊळ आहे, आणि 2019 च्या महापुरात त्याचा सभामंडप खचला. खांब कलले, दोन-तीन तुळया खाली आल्या. आता जीर्णोद्धार समिती झाली आहे आणि आप्पा तिचे अध्यक्ष. समितीचा बेत असा, की राहिलेलं उतरवायचं, वर आरसीसी स्लॅब टाकायचा, भिंतींना ग्रॅनाइट आणि खाली चकचकीत फरशी. वर्गणी मागायचे फोन आपल्याकडे न्यू जर्सीतही येऊन गेलेत.

तर अशा माणसाला घेऊन आम्ही गार्नीला गेलो. येरेवानपासून तासाभराच्या आतच पोचता येतं. आझात नदीच्या खोल दरीच्या काठावर हे देऊळ उभं आहे. करड्या बेसॉल्टचं, चारी बाजूंनी चोवीस खांब, पुढं उंच-उंच पायऱ्या. पहिल्या शतकातलं मानतात. इथं मिह्र या सूर्यदेवाची पूजा व्हायची असं सांगतात. मिह्र म्हणजे इराणचा मिथ्र, आणि तोच आपल्या वेदातला मित्र. हे ऐकल्यावर आप्पांनी चपला पायरीखाली काढल्या. वाटाड्या म्हणाला, गरज नाही. आप्पा म्हणाले, "असू दे."

आर्मेनियानं इसवी सन 301 मध्ये ख्रिस्ती धर्म राजधर्म केला असं परंपरा सांगते. जगात पहिला मान त्यांचा. तेव्हा जुनी देवळं पाडली गेली, हे एक राहिलं. पण 1679 साली मोठा भूकंप झाला आणि हेही कोसळलं. पुढं जवळजवळ तीनशे वर्षं दगड तिथंच विखरून पडले होते. काही दरीकडे गेले, काही लोकांनी घरं बांधायला नेले. मग 1969 ते 1975 या काळात अलेक्सांद्र साहिन्यान या वास्तुशास्त्रज्ञानं ते पुन्हा उभं केलं.

कसं, ते जरा सावकाश सांगते, कारण आप्पा तिथंच अडकले. आधी प्रत्येक दगड मोजला, त्याची जागा ठरवली. मूळ बांधणीत चुना नव्हताच. दगडावर दगड, आणि आत लोखंडाच्या नि काशाच्या पट्ट्यांनी जखडलेले. म्हणजे आपल्या हेमाडपंतीचा भाऊच म्हणा, आपल्याकडे खाचा-खुंट्या, त्यांच्याकडे धातू. जे दगड सापडले ते आपापल्या जागी गेले. जे सापडले नाहीत त्यांच्या जागी त्याच जातीचा नवा दगड घडवून बसवला, पण त्यावर नक्षी काढली नाही. मुद्दाम साधाच ठेवला. जवळ जाऊन पाहिलं तर पट्टीत पानं, द्राक्षं, सिंहाची तोंडं चालली आहेत आणि मध्येच एक कोरा दगड. मग परत पानं. जुनं कुठलं नि नवं कुठलं, हे शेंबडं पोरही सांगेल.

आप्पांनी एकेका खांबाभोवती फेरी घातली. मग म्हणाले, "कोरा ठेवलाय म्हंजे लबाडी केली न्हाई." आणि लगेच दुसरं वाक्य, "पर हितं द्येव कुठं हाय? आमच्या द्येवळात रोज घंटा वाजती."

हा प्रश्न खोटा नव्हता. गार्नी आज स्मारक आहे. जुना धर्म मानणारे थोडे लोक सणावाराला जमतात, एरवी तिकीट काढून बघायचं. गावच्या देवळाचं तसं नसतं. तिथं सोमवारी अभिषेक असतो, पाणी सांडतं, तेल सांडतं, म्हाताऱ्या बाया घसरतात. फरशी हवी असं म्हणणाऱ्यांना अडाणी म्हणायची आपल्यापैकी काहींना घाई असते, ती मला पटत नाही. हजारो मैलांवर बसून काळ्या दगडाचं कौतुक करणं सोपं आहे.

गार्नीच्या शेजारी जुनं हमामखाना आहे, जमिनीवर रंगीत दगडांची चित्रं. त्यात ग्रीक अक्षरांत कारागिरांनी लिहून ठेवलंय, की आम्ही राबलो पण पदरात काही पडलं नाही. आप्पा एवढे हसले की पहारेकरी बघायला आला.

आप्पांच्या प्रश्नाचं उत्तर पुढं दहा-एक किलोमीटरवर मिळालं, गेगार्दच्या मठात. गेगार्द म्हणजे भाला. ख्रिस्ताच्या कुशीत खुपसलेला भाला इथं ठेवला होता अशी श्रद्धा आहे. आता तो एच्मियाडझिनला असतो. मुख्य चर्च 1215 चं, म्हणजे आपल्याकडे देवगिरीला यादव होते त्या काळातलं. पण खरी नवलाई बाजूला आहे. डोंगर आतून कोरून केलेली चर्चं, खांब, कमानी, सगळं एकाच दगडात. वरून छेद घेत खाली कोरत आले असं सांगतात, आपल्या वेरूळच्या कैलासासारखं. गाल्दझाक या कारागिराचं नावही कोरलेलं आहे. एका खोलीत खडकातून झरा येतो, लोक ओंजळीनं ते पाणी पितात.

वरच्या मजल्यावरची खोली 1288 ची. मधोमध छताला गोल भोक, तिथून उजेडाचा एकच झोत जमिनीवर. आप्पा त्या झोताखाली उभे राहिले आणि वर बघत म्हणाले, "आगं, ह्ये आपलं खिद्रापूरच की!"

खिद्रापूरचं कोपेश्वर मंदिर ज्यांनी पाहिलंय त्यांना लगेच कळेल. तिथला स्वर्गमंडप असाच वरून उघडा, गोल. आप्पांच्या गावाहून ते हाकेच्या अंतरावर आहे. त्या खोलीत आवाज फार घुमतो. आप्पांनी हळूच विठ्ठलाचं नाव घेतलं, आणि ते नाव बराच वेळ खोलीत फिरत राहिलं.

आणि हा मठ चालू आहे, बरं का. वाळूच्या तबकात मेणबत्त्या पेटलेल्या, काजळीनं भिंती काळ्या. लोक बाहेर पडताना वेदीकडे पाठ करत नाहीत, मागं-मागं चालत येतात. अंगणात एका कुटुंबानं कोंबडा आणला होता. नवसाचा. त्याला मठाभोवती तीन फेऱ्या घालतात, मग त्याचं जेवण शेजाऱ्यापाजाऱ्यांत वाटतात. आप्पा म्हणाले, "जत्राच ही." बाहेर बाया मोठ्या चाकाएवढी गोड भाकरी विकत होत्या, गाता म्हणतात तिला. आप्पांनी दोन घेतल्या.

म्हणजे आठशे वर्षं जुना दगड, आणि रोजचा वापर. कुणी ग्रॅनाइट लावलेला नाही. घसरायचं म्हणाल तर तिथंही लोक घसरत असतील. उंबरे मधोमध झिजून वाटीसारखे झालेत.

खोर विराप, झ्वार्तनोत्सचे पडके खांब, हेही पाहिलं, पण आप्पांचं लक्ष नव्हतं. परतीच्या वाटेवर ते गाडीत एकच हिशेब करत होते, की पडलेल्या तुळयांपैकी किती अखंड आहेत आणि घडवणारा वडार आता कुठं मिळेल.

ज्यांच्याकडे अशी वर्गणी मागायला फोन येतात त्यांच्यासाठी एक कामाची गोष्ट. देऊळ केंद्राच्या किंवा राज्याच्या संरक्षित यादीत असेल तर परवानगीशिवाय त्याला हात लावता येत नाही. राज्याचा कायदा 1960 चा आहे. पण गावोगावची बहुतेक जुनी देवळं कुठल्याच यादीत नाहीत. तिथं समिती ठरवेल ते होतं, आणि समिती बहुतेक वेळा पैसे देणाऱ्याचं ऐकते. तेव्हा पैसे पाठवण्याआधी एवढं विचारा, उतरवलेल्या दगडांचं काय करणार?

गेल्या रविवारी समितीची बैठक व्हिडिओ कॉलवर झाली. स्लॅब तूर्त थांबला आहे. पडलेले दगड ओढ्याच्या कडेला टाकले होते, ते परत आणून देवळामागं मांडलेत आणि शाळेतली पोरं खडूनं नंबर घालतायत. ऑइलपेंटनं घालू नका, असं आप्पांनी तीनदा बजावलं. फरशीचा वाद मात्र मिटलेला नाही. फरशीचे पैसे ज्यांनी आधीच दिलेत ते इथंच एडिसनला राहतात, आणि त्यांच्या आईच्या नावाची पाटी त्या फरशीबरोबर लागायची होती. शनिवारी आम्ही त्यांच्याकडे जाणार आहोत. आप्पांनी कोऱ्या दगडाचे फोटो पाठवलेत, मोठे छापून न्या म्हणाले.