मोडीचे धडे आणि रुमालांची बांधणी

जुन्या दप्तरखान्यात ज्यांनी कधी पाऊल टाकले असेल, त्यांना रुमाल ठाऊक असतील. पुण्याच्या पेशवे दप्तरातील असंख्य कागद असेच रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. गाठ सोडण्यापूर्वी आत काय आहे हे वरच्या चिठ्ठीवरून कळावे, एवढीच शोधकाची अपेक्षा असते. चिठ्ठी नसेल तर कागद असूनही नसल्यासारखाच.

श्रोतेहो, मला आज बोलावयाचे आहे ते संगणकावरील अभ्यासक्रमांच्या मांडणीविषयी. पण रुमालांची आठवण विनाकारण काढली नाही. असे अभ्यासक्रम ज्या यंत्रणेवर चालतात तिला ‘लर्निंग मॅनेजमेंट सिस्टिम’ म्हणतात. त्यांपैकी ‘मूडल’ ही ऑस्ट्रेलियातील मार्टिन डुजियामास यांनी निर्माण केली आणि तिची पहिली आवृत्ती २००२ साली बाहेर पडली. तिच्या नावाचे आद्याक्षरच ‘मॉड्युलर’ या शब्दातून घेतलेले आहे. मॉड्यूल म्हणजे अभ्यासाचा एक स्वतंत्र, बांधीव घटक. आपल्या भाषेत एक रुमालच म्हणा ना!

काही वर्षांपूर्वी मी बडोद्याहून मोडी लिपीचा अभ्यासक्रम या यंत्रणेवर चालविण्यास घेतला. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर या संस्थानांच्या कारभाराचे जुने कागद मोडीत आहेत, आणि अनेक मराठी घरांच्या पेट्यांतही ते पडून आहेत. ते वाचणारी माणसे मात्र दिवसेंदिवस विरळ होत चालली आहेत. मी मोठ्या हौसेने सगळी व्याख्याने एकीकडे, टिपणे दुसरीकडे आणि सरावाचे कागद तिसरीकडे ठेवले. आरंभी मोडीच्या उगमाविषयीचे वाद आणि हेमाडपंतांची आख्यायिका असे सविस्तर इतिहासपुराण होते. अध्यापकाला जे प्रथम सांगावेसे वाटते ते विद्यार्थ्याला प्रथम हवे असतेच असे नाही, हे मला तेव्हा उमगले नव्हते. बहुतेक मंडळी इतिहासातच गळाली. बेळगावकडील एका बाईंनी मात्र लिहून कळविले, “सर, नोकरीवरून आल्यावर रात्री अर्धा तास मिळतो. मोबाइल उघडल्यावर कोठून सुरू करावे हे शोधण्यातच तो निघून जातो.”

त्या पत्राने माझी चांगलीच कानउघाडणी झाली. मी सारे मोडून पुन्हा बांधावयास घेतले आणि प्रत्येक घटकापुढे एकच प्रश्न ठेवला : हा संपल्यावर विद्यार्थ्याला काय वाचता येईल? मग व्याख्यान, टिपण व सराव ही एकाच रुमालात आपोआप एकत्र आली. ‘घटक तिसरा’ असली नावे जाऊन ‘ओळीतून शब्द तोडणे’ अशी नावे आली. मोडीत शिरोरेघ आधी सबंध ओढतात आणि अक्षरे तिच्याखाली सलग लिहीत जातात; शब्दांत अंतर नाही, विरामचिन्हे नाहीत, ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाही. अक्षरे ओळखणारा माणूसही येथे अडखळतो. म्हणून त्यासाठी स्वतंत्र घटकच हवा. पूर्वी तो भाग मी दहा मिनिटांत उरकला होता!

कालगणनेचेही तसेच. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ हे वाचता आले तरी हा अरबी अंकशब्दांत लिहिलेला शुहूर सन ११६१ आहे हे कळावयास हवे. हा सन मृगारंभी बदलतो. म्हणून मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ आणि जानेवारीपासून पुढील मृगापर्यंत ६०० मिळविले की इसवी सन येतो. १४ जानेवारी १७६१ ची पानिपतची लढाई याच सनातली. हे गणित मी आरंभी देत असे, तेव्हा ते कोणाच्याच पचनी पडत नसे. आता ते शेवटाकडे आहे. हाती खरा कागद आल्यावर तारखेची भूक आपोआप लागते.

या यंत्रणेत कुलपाचीही सोय आहे : एक घटक पुरा झाल्याखेरीज पुढचा उघडत नाही. मी भराभर सर्वत्र कुलपे लावली, आणि एक वयोवृद्ध गृहस्थ रागावले. त्यांना मोडी बाळपणापासून अवगत होती. तारखांपुरते शिकावे म्हणून ते आले होते, आणि मी त्यांना ‘क’ गिरवावयास बसविले होते. कुलपे काढली. एकच राहू दिले; मायने आणि संक्षेप यांचा सराव झाल्याशिवाय सबंध पत्र उघडत नाही. तेथे घाई केली तर माणूस अंदाजाने वाचू लागतो, आणि अंदाजाने वाचलेली सनद म्हणजे तंट्याचे बीज. घटक एवढाच ठेवला की तीन-चार रात्रींत संपावा. मूडलच्या मोबाइलवरील ॲपमध्ये तो उतरवून ठेवला तर इंटरनेटवाचूनही उघडतो.

सर्वांच्या शेवटी ‘घरचे कागद’ नावाचा एक घटक आहे. त्यात धडा नाही. ज्याने त्याने आपल्या पेटीतील कागदाचे छायाचित्र तेथे ठेवावे आणि सर्वांनी मिळून वाचावे. बेळगावच्या त्या बाईंनी पणजोबांच्या वेळचा एक जमिनीचा कागद ठेवला. मायना, गावाचे नाव, सन त्यांनीच लावले. चौथ्या ओळीतील दोन शब्द मात्र अद्याप आम्हा कोणालाच लागलेले नाहीत. प्रत्येक नवी तुकडी आली की मी तिला आधी तोच कागद दाखवितो.